बागेची विचारपूस : रॉक गार्डनमधला फ्लॉक्स आणि माळव्याचा पाऊस

प्रश्न : नमस्कार ताई, घरासमोरच्या कोपऱ्यात काळे दगड रचून छोटंसं रॉक गार्डन केलंय. जपानमध्ये फुजी पर्वताजवळ गुलाबी फुलांचा गालिचा असतो ना, तो मॉस फ्लॉक्स हवा होता म्हणून ऑनलाइन रोप मागवलं, हार्डी आहे, वर्षानुवर्षं टिकतं असं लिहिलं होतं. हिवाळ्यात मस्त हिरवं होतं, उन्हाळाही कसाबसा काढला आणि जुलैत आठवड्याभरात काळं पडून गेलं. पाणी कमी पडलं का? परत लावू का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : नाही हो, पाणी कमी नाही, जास्त झालं. मॉस फ्लॉक्स मूळचा उत्तर अमेरिकेतला, तिथं खडकाळ, रेताड उतारांवर वाढतो, बर्फाखाली राहूनही वसंतात परत फुलतो, आणि हार्डी म्हणतात ते याच थंडीच्या हिशोबानं. आपल्या इंदूरला जून ते सप्टेंबर 35-40 इंच पाऊस पडतो, शिवाय खाली काळी माती, ती एकदा भिजली की दिवसेंदिवस सुकत नाही, मग मुळं सडणारच. वर दगड कितीही सुंदर रचले तरी त्यांच्याखाली काय आहे यावरच सगळं असतं, आणि नेमकं तिकडेच कोणी बघत नाही.

म्हणून आधी दगड काढा. खाली विटांचे तुकडे नि मोठी गिट्टी टाकून जमिनीपासून फूट-दीड फूट उंच करा, त्यावर एक भाग माती, एक भाग जाड वाळू (नर्मदेची चालेल, बारीक चाळलेली नको) आणि एक भाग बारीक गिट्टी, शेणखत अगदी मूठभर, जास्त खतानं नुसता पाला वाढतो. दगड एक तृतीयांश तरी मातीत गाडा, नुसते वर ठेवलेले पावसात सरकतात. रोप दगडाच्या पूर्वेला लावा, सकाळचं ऊन भरपूर मिळेल आणि दुपारी दगडाची सावली पडेल, कारण मे महिन्यात आपला काळा दगड भयंकर तापतो.

परत लावायचंच असेल तर माझं ऐका, थेट जमिनीत नको. ऑक्टोबरच्या शेवटी मातीच्या कुंडीत लावा आणि ती कुंडीच दगडांमध्ये काठापर्यंत पुरा, दिसायला अगदी जमिनीतलंच वाटतं. मे मध्ये वर ग्रीन नेट, आणि पहिल्या पावसाआधी कुंडी उचलून पत्र्याखाली, जिथं हवा आणि उजेड आहे तिथं. पाणी बोट घालून बघूनच. फुलं आली तर ती संपल्यावर वरून एक तृतीयांश छाटा. पण खरं सांगते, फुजीसारखा गालिचा इथं मनात धरू नका, तिथली थंडी आपल्याकडे नाही.

आणि एक, बियांच्या पाकिटावर नुसतं फ्लॉक्स लिहिलं असेल तर तो बहुतेक टेक्सासचा हंगामी फ्लॉक्स, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरला की हिवाळा संपता संपता भरभरून फुलतो, दगडांमध्ये सुंदर दिसतो पण उन्हाळ्यात संपतो. मॉस फ्लॉक्स सहसा कटिंगनं नाहीतर मुळांसकट वेगळा करून वाढवतात. दगडांमध्ये कायमचं काही हवंच असेल तर युफोर्बिया मिली लावा, मादागास्करचं काटेरी झुडूप, ऊन सोसतं, पाणी कमी लागतं आणि फुलं जवळजवळ बाराही महिने.

प्रश्न : युफोर्बियाची फांदी लावली की दरवेळी बुडाशी सडते, काय करू?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : कापल्या कापल्या लावत असणार. आधी हातमोजे घाला, चीक कातडीला आणि डोळ्यांना वाईट, लहान मुलं जवळ नकोत. कापलेलं टोक पाण्यात बुडवून चीक थांबवा, मग सावलीत चार-पाच दिवस तशीच पडू द्या, टोक कडक सुकलं की ओलसर वाळूत लावा आणि वाळू पूर्ण सुकल्याशिवाय पुढचं पाणी नको. पावसाळ्यात करूच नका, फेब्रुवारी-मार्च बरा.