मुंबई विद्यापीठात संशोधन कशाकशावर झालंय, आणि चाकरमान्यांचा पैसा त्यात कुठे बसतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रत्नागिरीत अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, मुंबईच्या चाकरमान्यांनी गावी पाठवलेल्या पैशांवर पीएच.डी. करायची आहे, विद्यापीठाच्या कलिना परिसरात जाऊन विभागांच्या पाट्या वाचून आलात आणि आता गोंधळ उडालाय. ओळखीचे एक सर म्हणाले हा समाजशास्त्राचा विषय, दुसरे म्हणाले इतिहासाचा. म्हणून तुम्ही विचारताय, की मुंबई विद्यापीठात संशोधन होतं तरी कशाकशावर, आणि आपला विषय तिथे बसेल का?

मी ठाणे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं. त्यातली सतरा वर्षं पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा मार्गदर्शक होतो. उत्तर लांबणार आहे, पण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा सवडीने वाचा.

कलिन्याच्या पाट्यांवरून या विद्यापीठाचा अंदाज लागत नाही. १८५७ साली ते सुरू झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. या दोघांनी पुढे किती मोलाचं काम केलं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण तेव्हा विद्यापीठाकडे स्वतःचा असा अध्यापन विभाग नव्हता. विभाग आले साठ वर्षांनी: समाजशास्त्राचा १९१९ साली, अर्थशास्त्राचा १९२१ साली. त्यामुळे इथलं संशोधन सुरुवातीपासून शहरभर विखुरलेलं राहिलं. शिक्का विद्यापीठाचा, पण टेबल, प्रयोगशाळा, कपाट भलतीकडे.

हे किती खरं आहे याची दोन उदाहरणं देतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला २००२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना पीएच.डी. मिळायची ती मुंबई विद्यापीठाची. सी. एस. शेषाद्रि यांची १९५८ ची आणि एम. एस. नरसिंहन यांची १९६० ची पीएच.डी. अशीच. या दोघांनी १९६५ साली मिळून सिद्ध केलेलं प्रमेय आज जगभरचे गणिती 'नरसिंहन-शेषाद्रि प्रमेय' म्हणूनच ओळखतात. भूमितीतल्या एका रचनेचं अगदी वेगळ्या वाटणाऱ्या दुसऱ्या रचनेशी असलेलं नातं त्यांनी दाखवलं, आणि पुढे भौतिकशास्त्रवाल्यांनाही ते लागलं.

दुसरं उदाहरण फोर्टातलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही विद्यापीठाची मान्यताप्राप्त संशोधन संस्था, आणि सालिम अली तिथले मार्गदर्शक. स्वतः सालिम अलींनी कॉलेज अर्धवट सोडलेलं, पण त्यांच्या हाताखाली पक्ष्यांवर प्रबंध झाले. सुगरण पक्षी आपल्या अलिबागजवळच्या किहीमला त्यांनी १९३० साली न्याहाळला होता. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन पाहून पसंत करते, मग तो ते पुरं करतो आणि दुसऱ्या मादीसाठी नवं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे टिपलं. पुढे त्यांच्या विद्यार्थ्याने विणकर पक्ष्यांवर केलेला अभ्यास विद्यापीठानेच साठच्या दशकात पुस्तकरूपाने छापला. एकाच विद्यापीठाच्या एकाच दशकात उच्च गणितही आहे आणि सुगरणीचं घरटंही. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

आता समाजशास्त्र, कारण तुमच्या विषयाची मुळं तिथे आहेत आणि तो विभाग ज्यांनी वाढवला ते घुर्येही तुमच्या बाजूचे, कोकणातले. विभागाचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, मूळचे जीवशास्त्रज्ञ, मग नगररचनाकार. म्हणून विभागाचं नावच 'समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र'. १९२४ साली त्यांच्या जागी गो. स. घुर्ये आले, जन्म मालवणचा. पुढची पस्तीस वर्षं त्यांनी विभाग चालवला आणि ऐंशीच्या घरात प्रबंधांना मार्गदर्शन केलं. इरावती कर्व्यांनी १९२८ साली इथेच एम.ए. केलं, चित्पावनांवर प्रबंध लिहून. एम. एन. श्रीनिवासांचं म्हैसूरकडच्या विवाह आणि कुटुंबपद्धतीवरचं काम इथलं. अ. र. देसायांनी राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर लिहिलं तेही इथे, आणि ते तर मार्क्सवादी. घुर्ये स्वतः संस्कृतचे विद्वान, जुन्या ग्रंथांतून समाज वाचणारे. त्यांचे विद्यार्थी मात्र आपापल्या वाटेने गेले आणि त्यांनी जाऊ दिलं. मार्गदर्शकाचा हा गुण मी फार मोठा मानतो.

घुर्यांचं एक काम तुम्ही मुद्दाम मिळवून वाचा. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची पाहणी १८१९ च्या सुमारास कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने केली होती. घरं किती, कर्ज किती, कोण काय खातं, सगळं. सव्वाशेहून अधिक वर्षांनी घुर्ये त्याच गावात गेले आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. १९६० साली ते पुस्तक आलं. एखाद्या गावाची जुनी नोंद सापडली तर तिच्या जोरावर केवढं काम उभं राहतं, ते यातून कळेल. याचा संबंध तुमच्याशी कसा, ते खाली सांगतो.

अर्थशास्त्राचा विभाग सी. एन. वकिलांनी घडवला. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ साली, म्हणजे दुसरी पंचवार्षिक योजना अवजड उद्योगांकडे वळत असताना, उलट बाजू मांडली. कामगार ज्या वस्तूंवर मजुरी खर्च करतो, धान्य, कापड, त्या आधी पुरेशा हव्यात, नाहीतर नव्या रोजगाराला पोसायचं कशाने? दिल्लीने ते ऐकलं नाही. पुढच्या दहा वर्षांतली धान्यटंचाई बघता त्यांचं म्हणणं अधिक गांभीर्याने घ्यायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. शेतीच्या अर्थशास्त्रातले जाणकार एम. एल. दांतवाला इथलेच. आणि डी. टी. लकडावाला, ज्यांचं नाव पुढे दारिद्र्यरेषेच्या समितीमुळे सगळ्यांना माहीत झालं, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मुंबई शहराची मोठी आर्थिक पाहणी केली. कोण कुठून आलं, काय काम करतं, किती मिळवतं. १९६३ साली विद्यापीठाने ती छापली. तुमच्या विषयाची ही पहिली पायरी समजा, कारण साठ वर्षांपूर्वी मुंबईत कोण कुठून येऊन काय कमावत होतं, ते तिथे कोष्टकांत मांडलेलं आहे.

विज्ञानाबद्दल मी बाहेरचा माणूस म्हणून बोलतो. माटुंग्याचा रसायन तंत्रज्ञान विभाग, जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'यूडीसीटी', १९३३ साली निघाला तो गिरण्यांमुळे. कापड रंगवायला रसायनं कळणारी माणसं हवी होती, म्हणून सुरुवातच वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकीने झाली. के. वेंकटरामन यांचं कृत्रिम रंगांवरचं काम, मग एम. एम. शर्मा, जे १९९० साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर शर्मांचे विद्यार्थी, पीएच.डी. १९६९. २००८ साली हा विभाग स्वतंत्र अभिमत विद्यापीठ झाला.

फोर्टातली विज्ञान संस्था मात्र मी कमला सोहोनींमुळे लक्षात ठेवली आहे. बंगळुरातल्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला होता. त्यांनी तो लढून मिळवला, मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. १९३६ साली केली, १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेतली, आणि परत येऊन या संस्थेत शिकवलं, पुढे संचालक झाल्या. आणि इथे संशोधन कशावर? नीरा, कडधान्यं, तांदळाचं पीठ, म्हणजे गरिबाच्या ताटातलं पोषण. केंब्रिजहून आलेल्या बाईंनी ताडामाडाच्या नीरेवर काम करावं, हे मला त्यांच्या मोठेपणाचं लक्षण वाटतं.

भाषांकडे धावतच जातो. मराठी, संस्कृत, पाली, उर्दू, गुजराती, सगळीकडे प्रबंध होतात. मराठीतल्या प्रबंधांत बोली, लोककला, दलित साहित्य, कोकणातलं दशावतारी नाटक असे विषय भरपूर सापडतील. गोवाही बरीच वर्षं याच छत्राखाली होता. १९८५ साली गोवा विद्यापीठ निघण्याआधी पणजीला मुंबई विद्यापीठाचं पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन केंद्र होतं. वैद्यकीय महाविद्यालयं १९९८ नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे गेली. म्हणजे जुन्या कामाचा मोठा हिस्सा आज दुसऱ्या नावाच्या संस्थांत बसलाय. शोधताना हे लक्षात असू द्या.

आता तुमचं. विषय कुठल्या विभागाचा, हा प्रश्न शेवटी सोडवायचा असतो, आधी नाही. 'चाकरमान्यांचा पैसा' हा विषय नाही, ते नुसतं क्षेत्र झालं. त्यात तुमचा प्रश्न कोणता? पैसा किती आला, हे मोजायचं असेल तर अर्थशास्त्र. तो कुणाच्या हातात पडला, मनीऑर्डरवर अंगठा सासूचा की सुनेचा, हे बघायचं असेल तर समाजशास्त्राकडे वळावं लागेल. १८ जानेवारी १९८२ चा गिरणी संप आणि त्यानंतर गावाकडे आटलेला ओघ हा प्रश्न असेल तर इतिहासवालेही तुम्हाला घेतील.

मला विचाराल तर एक तालुका, त्यातल्या तीन-चार वाड्या, आणि वाडीच्या मुंबई मंडळांच्या वह्या. तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्याकडे प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं. दरमहा वर्गणी, सभेचं इतिवृत्त, देवळाचा जीर्णोद्धार, पाखाडी म्हणजे दगडी पायवाट, शाळेची खोली, विहीर, सगळ्याचा हिशेब कुणाच्या तरी लालबाग-परळच्या खोलीत पत्र्याच्या ट्रंकेत पडलेला असतो. घरच्या मनीऑर्डरींच्या पावत्या क्वचित टिकतात, पण मंडळाची वही टिकते. घरात किती पैसा गेला आणि गावकीत किती, हे प्रमाण संपाआधी आणि संपानंतर कसं बदललं, हा प्रबंधाचा प्रश्न होऊ शकतो. लोणीकंदची आठवण मी यासाठी काढली. वह्या लवकर गाठा. चाळी पुनर्विकासाला जाताहेत, घर रिकामं करताना आधी ट्रंकाच टाकल्या जातात.

नोंदणीआधी पाच जुने प्रबंध पुरते वाचा. हे मी कळकळीने सांगतोय, कारण मी ते केलं नव्हतं. पतपेढ्यांवर काम सुरू करून दीड वर्ष गेलं, अडीचशे कुटुंबांच्या मुलाखती झाल्या, आणि मग एका प्रबंधात माझा अर्धा प्रश्न आधीच सोडवलेला आढळला. विषय बदलला, मुलाखती पुन्हा घेतल्या. ती दीड वर्षं मी घरच्यांची घेतली होती.

'शोधगंगा' या संकेतस्थळावर अलीकडचे प्रबंध मोफत वाचता येतात. तिथे नुसत्या विषयाने शोधू नका, मार्गदर्शकाच्या नावाने शोधा. एका मार्गदर्शकाचे चार-पाच प्रबंध एकत्र पाहिले की त्यांना कशात रस आहे, विद्यार्थ्याला ते किती मोकळं सोडतात, हे लगेच दिसतं. कोकण, रत्नागिरी ही नावं इंग्रजीत वेगवेगळ्या स्पेलिंगने लिहिलेली असतात, सगळी घालून बघा. टंकलिखित जुन्या प्रतींसाठी कलिन्याच्या जवाहरलाल नेहरू ग्रंथालयात जावं लागेल.

नियमांचं थोडक्यात: प्रवेश परीक्षा किंवा नेट यांपैकी काय चालतं ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. २०२२ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून मुदत आणखी दोन वर्षं वाढते, आणि स्त्रियांना व दिव्यांगांना त्याहून दोन वर्षं जास्त मिळू शकतात. नोकरी सांभाळून करणार असाल तर रत्नागिरीतल्या उपपरिसरातही चौकशी करा, जाण्यायेण्याचा त्रास कमी होतो का ते कळेल.

आणि पुढच्या खेपेला मार्गदर्शकांना भेटायला जाल तेव्हा विषयाच्या शीर्षकाचा कागद नेऊ नका. तुमच्या वाडीच्या मंडळाची एक वही न्या, तिची दोन पानं त्यांच्यापुढे ठेवा आणि त्यातून तुम्हाला काय शोधायचंय ते सांगा. कुठली पानं न्यावीत हे ठरत नसेल तर इथे लिहा, मी बघून सांगतो.