लाइट आली, सर्व्हर उठला, पण क्लस्टरमधला डेटाबेस सुरू होईना. पोस्टग्रेस ऑटो-स्टार्टला टाकू का?

तुमची अडचण मला कळली ती अशी: शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीचे दोन सर्व्हर, त्यावर पेसमेकर-कोरोसिंकचं क्लस्टर (एक सर्व्हर पडला तर दुसऱ्यानं काम उचलावं म्हणून बांधलेली जोडी; कोरोसिंक दोघांचा संपर्क ठेवतं, पेसमेकर काय कुठं चालवायचं ते ठरवतो), दोघांच्या सामाईक डिस्कवर, म्हणजे शेअर्ड स्टोरेजवर, पोस्टग्रेस डेटाबेस. वळवाच्या पावसात लाइट गेली, यूपीएसनंही मान टाकली. लाइट आल्यावर एकच सर्व्हर उठला, दुसऱ्याचा पॉवर सप्लाय उडालेला, आणि डेटाबेस काही केल्या वर येईना. म्हणून आता सिस्टमडीमध्ये (लिनक्स बूट होताना सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) पोस्टग्रेस ‘एनेबल’ करावं का, असं विचारताय.

अजिबात नको. सिस्टमडीला शेजारचा सर्व्हर दिसतच नाही. बूट झालं की तो आपला डेटाबेस चालू करायला बघणार. त्यात डिस्कची ओळ दोन्हीकडच्या एफएसटॅबमध्ये (बूटला कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) असेल तर एका वेळी एकाच मशीनसाठी असलेली एक्सएफएस फाइलसिस्टम दोन मशिनांवर माउंट, म्हणजे डेटाचा विषयच संपला. एवढं नाही झालं तरी, नोड (क्लस्टरमधला एक सर्व्हर) क्लस्टरमध्ये येताना पेसमेकर तपासतो की हा रिसोर्स (आपल्याकडे डेटाबेस) इथं आधीच चालू आहे का. दोन्हीकडे चालू सापडला तर डीफॉल्ट वागणं असं, की दोन्हीकडचा बंद करून एकीकडे नव्यानं सुरू करायचा. नुसत्या एका रिबूटपायी धडधाकट चालणारा डेटाबेस खाली येतो.

तेव्हा पोस्टग्रेस डिसेबल, एफएसटॅबमधली ओळ काढून टाका. डेबियन-उबुंटूवर पॅकेज टाकल्या टाकल्या स्वतःला एनेबल करून घेतं, शिवाय त्याच्या स्टार्ट.कॉन्फ फाइलमध्ये ‘ऑटो’ लिहिलेलं असतं, तिथं ‘मॅन्युअल’ करा. बूटला सुरू व्हायला हवं ते क्लस्टर: ‘पीसीएस क्लस्टर एनेबल’ (पीसीएस ही क्लस्टर सांभाळायची कमांड), सगळ्या नोडवर. काही जण हेही बंद ठेवतात, म्हणजे पडलेला नोड माणसानं बघितल्याशिवाय परत आत येत नाही. चोवीस तास आयटीचा माणूस हजर असेल तिथं ठीक. रात्रपाळीला फक्त भट्टीवाले असतात तिथं मी चालूच ठेवतो.

आता तुमचं खरं दुखणं. ‘पीसीएस स्टेटस’मध्ये वरच ‘पार्टिशन विदाउट कोरम’ दिसतंय ना? (कोरम म्हणजे काही सुरू करण्याआधी लागणारं नोडच्या मतांचं बहुमत.) दोन नोडच्या क्लस्टरमध्ये कोरोसिंकला ‘टू-नोड’ लावलं की ‘वेट-फॉर-ऑल’ आपोआप लागू होतं. दोन्ही मशिनं एकदम बंद पडून उठली, तर एकमेकांना एकदा पाहिल्याशिवाय कोणी कशाला हात लावत नाही. उठलेल्या नोडला काय माहीत, पलीकडचा मेलाय की नुसती केबल निघालीय? डेटाबेस चालू न करणं हेच त्याचं बरोबर होतं. अशा वेळी सर्व्हर रूममध्ये जाऊन दुसऱ्याची वायर स्वतः उपसायची आणि मगच ‘पीसीएस कोरम अनब्लॉक’ द्यायचं. घरून फोनवर अंदाजानं देऊ नका.

हे रोजचं होणार असेल तर तिसरं मत आणा. वेगळ्या जागी, वेगळ्या लाइनवर एक साधं मशीन, त्यावर क्यूनेटडी हा मत देणारा प्रोग्राम. याला क्यूडिव्हाइस म्हणतात. एक नोड आणि ते मशीन मिळून बहुमत होतं. पण इथं एक खोच आहे. बहुमत मिळालं तरी न दिसणाऱ्या नोडला पेसमेकर आधी फेन्स करायला जातो, म्हणजे त्याची पॉवर तोडून तो नक्की बंद करायला, आणि तुमचं फेन्सिंग आयपीएमआयवर (सर्व्हरमधलीच, त्याला दुरून चालू-बंद करायची सोय) असेल तर पॉवर सप्लाय उडालेल्या सर्व्हरचं आयपीएमआयसुद्धा मेलेलं असतं. फेन्सिंग फेल, डेटाबेस पुन्हा तिथंच अडकलेला. त्यासाठी दुसऱ्या लेव्हलला स्विच होणारा पीडीयू (दुरून बंद करता येणारी पॉवर पट्टी) हवा, नाहीतर ‘पीसीएस स्टोनिथ कन्फर्म’ हातानं, म्हणजे तो नोड बंद आहे असं क्लस्टरला आपणच सांगायचं (स्टोनिथ म्हणजे हेच फेन्सिंग). वैतागून स्टोनिथ ‘फॉल्स’ करायचा सल्ला इंटरनेटवर पैशाला पासरी मिळतो. शेअर्ड डिस्क असताना तो ऐकू नका.

बाकी किरकोळ. रिसोर्स ग्रुपमध्ये सुरू व्हायचा क्रम एलव्हीएम (डिस्कचे भाग सांभाळणारा थर), फाइलसिस्टम, पोस्टग्रेस आणि शेवटी व्हर्च्युअल आयपी (डेटाबेससोबत या नोडवरून त्या नोडवर जाणारा पत्ता), म्हणजे डेटाबेस तयार नसताना ईआरपी, म्हणजे कंपनीचं कामकाजाचं सॉफ्टवेअर, येऊन धडकत नाही. (पोस्टग्रेस त्याच एका आयपीवर ऐकत असेल तर मात्र आयपी आधी.) स्टार्टचा टाइमआउट ऐसपैस द्या, मी 10 मिनिटं ठेवतो, लाइट अचानक गेल्यावर पोस्टग्रेस वॉल लॉग (बदलांची नोंदवही) पुन्हा वाचत बसतं आणि त्यात वेळ जातो. स्टार्ट एकदा फेल झाला की डीफॉल्टनं तो नोड त्या रिसोर्सला बंद, ‘पीसीएस रिसोर्स क्लीनअप’ करेपर्यंत. स्टोरेज आयस्कझीवर (नेटवर्कवरून जोडलेली डिस्क) असेल आणि सर्व्हरपेक्षा उशिरा उठत असेल, तर ‘रिसोर्स-एजंट्स-डेप्स’ या सिस्टमडीच्या टार्गेटमध्ये आयस्कझीची सर्व्हिस जोडा, पेसमेकर तिच्यासाठी थांबतो. आणि बायोसमध्ये लाइट आल्यावर मशीन आपोआप चालू होतंय का तेही बघून घ्या.

सगळं लावून झालं की सुट्टीच्या दिवशी, बॅकअप घेऊन, दोन्हींच्या वायरी एकदम उपसा आणि एकच परत लावा. काय होतंय ते ‘पीसीएस स्टेटस’मध्ये दिसेल, अडलं तर ते आउटपुट इथंच खाली टाका.