खांदमळणीला वही घेऊन ये

प्रिय बाळा,

परवा बाजारात तुझी माय भेटली. म्हणाली, पोरगा आता पानठेल्यासमोरून जात नाही, वावराच्या धुऱ्यानं वळसा घालून शाळेत जातो. कोळशानं बैल काढतानाचा तुझा व्हिडिओ गावभर फिरला आणि ठेल्यावरची मंडळी तुला 'रीलवाला' म्हणू लागली, तेव्हापासूनचं हे.

तू बुजरा आहेस याची मला काळजी नाही. बैलाच्या खांद्यावर जूमुळे पडलेला घट्टा तू किती नेमका काढलास! गप्प राहून बघणाऱ्यालाच तो दिसतो. काळजी वेगळी आहे. त्यानंतरची तुझी सात चित्रं पाहिली. सातही बैल, सातही त्याच बाजूनं. लोकांना आवडला म्हणून तोच बैल काढत राहिलास, तर हात तिथंच अडकेल रे.

रोज एक चित्र टाकायलाच हवं, असं कुणी सांगितलं तुला? १९२४ साली नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे करायचे. खातं बंद कर असं मी म्हणत नाही. कमेंट बंद करता येतात, लाइकचा आकडा लपवता येतो. दोन्ही आजच कर. अनोळखी कुणी नंबर किंवा पत्ता मागितला, तर उत्तर न देता मेसेज आधी मायला दाखव.

पण ठेल्यासमोरूनच जा. तुला लहानपणी ताप चढला, तेव्हा मध्यरात्री मोटरसायकलवर तालुक्याला नेणारा माणूस तिथंच बसतो. ते तुला हिणवत नाहीत. कौतुक कसं करावं हे त्यांना सुचत नाही, एवढंच. 'हो काका' म्हण आणि पुढे चालू लाग. यंदा तू चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला बसतो आहेस. स्मरणचित्रात बाजार, जत्रा, बसथांबा असं काहीही येऊ शकतं. माणसं कशी उकिडवी बसतात, ओझं घेतल्यावर कंबर कुठं वाकते, हे डोळ्यांत साठलेलं नसेल तर कागदावर कुठून येणार? धुऱ्यानं फिरून ते दिसत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळणीला ये. मोबाइल घरी ठेव, वही आण. खांद्याला हळद-तूप लावताना बैल सारखी मान हलवतो, शेपटी झटकतो. एकाच बैलाची वीस रेखाटनं कर, पुढून, मागून, बसलेला, उठणारा. ती कुणालाही दाखवू नकोस, मलाही नाही.

बैलांना देतो तेच आवतन तुलाही देते: आज आवतन घे, उद्या जेवायला ये.

तुझी,
चित्रकलेची बाई