स्ट्रीमचा हिस्टोग्राम: तुमचे प्रश्न

प्रश्न: रिस्पॉन्स टाइमसाठी ० ते १००० मिलिसेकंदात हिस्टोग्रामचे १० सारखे बिन (आकडे मोजायचे कप्पे) केलेत, पण जवळपास सगळं पहिल्याच बिनमध्ये कोंबलं जातंय. बिन १०० करू का?

करून बघा, पण उद्या एखादी रिक्वेस्ट ४० सेकंद अडकली की ती टाकणार कुठे? स्ट्रीममध्ये, म्हणजे सतत वाहत येणाऱ्या डेटात, गोची हीच असते, रेंज आधी कळत नाही आणि डेटा एकदाच समोरून जातो, परत मागे जाऊन बघता येत नाही. वेळेसारख्या लांब शेपटीच्या (बहुतेक आकडे छोटे, मोजके प्रचंड मोठे) डेटाला मी तरी सारख्या रुंदीचे बिन लावणारच नाही, बिन पटीत वाढवा. २०१९ च्या डीडीस्केच या पर्सेंटाइल काढायच्या पद्धतीत हेच आहे, प्रत्येक बकेटची (म्हणजे बिनचीच) वरची हद्द खालच्या हद्दीच्या साधारण १.०२ पट ठेवली की पर्सेंटाइलमधली (९९वा पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के नोंदी ज्याच्या आत येतात तो आकडा) चूक खऱ्या आकड्याच्या १ टक्क्यात राहते. १ मिलिसेकंद ते १ तास एवढा पल्ला धरला तरी साडेसातशेच्या आसपास बकेट लागतात, म्हणजे प्रत्येकी ८ बाइटचा काउंटर धरून ६ केबी. फार नाही ना?

प्रश्न: मग ॲडॅप्टिव्ह म्हणतात ते हेच का?

नाही, वरच्यात हद्दी आधीच ठरलेल्या असतात. ॲडॅप्टिव्हमध्ये डेटा येईल तसे बिन सरकतात. बेन-हाइम आणि टॉम-टोव्ह यांची २०१० ची पद्धत बघा, एकदम सोपी आहे: नवीन आकडा आला की त्याचा स्वतंत्र बिन करायचा, बिन ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त झाले की सगळ्यात जवळचे दोन एकत्र करायचे. १० वर ३ नोंदी आणि २० वर १ असेल तर मिळून १२.५ वर ४. गर्दी कुठे आहे ते छान दिसतं, पण चूक किती होईल याची हमी नाही आणि डेटा कुठल्या क्रमाने आला यावरही उत्तर हलतं, हे लोक विसरतात. टोकाचे पर्सेंटाइल हवे असतील तर टी-डायजेस्ट हा अल्गोरिदम बरा, तो टोकांना मुद्दाम छोटे क्लस्टर ठेवतो आणि मध्ये मोठे.

प्रश्न: प्रत्येक सर्व्हरचा ९९वा पर्सेंटाइल काढून त्यांची सरासरी दाखवतो, चालेल ना?

अजिबात नाही!! एका सर्व्हरवर ९,९०० रिक्वेस्ट, सगळ्या २० मिलिसेकंदाच्या, दुसऱ्यावर फक्त १०० पण सगळ्या २००० च्या. सरासरी येते १०१०, आणि एकत्र डेटाचा ९९वा पर्सेंटाइल २०च. १०१० मिलिसेकंद लागलेली रिक्वेस्ट तुमच्याकडे एकही नाही. बकेटचे काउंट जोडा आणि मग पर्सेंटाइल काढा.

प्रश्न: गुळगुळीत डेन्सिटी कर्व्ह (कुठे किती गर्दी ते दाखवणारा) हवाय, केडीई (कर्नल डेन्सिटी एस्टिमेशन) लावू?

लावा, पण प्रत्येक पॉइंटवर नको, बिनच्या मध्यावर काउंटचं वजन देऊन लावा. बँडविड्थ, म्हणजे कर्व्ह किती गुळगुळीत करायचा ते, मात्र सिल्व्हरमनच्या नियमावर (बँडविड्थ काढायचं तयार सूत्र) डोळे झाकून सोडू नका, दोन उंचवटे असतील तर तो त्यांचा एकच करून टाकू शकतो, आणि कॅश हिट आणि मिसचे (उत्तर जवळच्या साठ्यात सापडलं की हिट, नाही तर मिस) दोन उंचवटे हीच तर बघायची गोष्ट असते.

प्रश्न: जुना डेटा विसरायचा कसा? दर सेकंदाला सगळे काउंट ०.९९ ने गुणतोय, सीपीयू खातंय.

उलटं करा, जुन्यांना हात लावू नका, नवीन नोंदीचं वजन दर सेकंदाला १/०.९९ पट वाढवत न्या, प्रमाण तेच राहतं. आकडे फार फुगले की अधूनमधून सगळ्यांना एकदा भागून घ्यायचं, बस.