विरोधी बाकावरच्या खासदाराचा हिशेब कसा मांडावा?

प्रश्न : निवडणुकीपासून आमच्या घरात एक वाद धुमसतो आहे. विरोधी पक्षाच्या एका खासदारांनी लोकसभेत गोंधळ घालण्यापलीकडे काहीच केले नाही, असे माझे जावई ठामपणे सांगतात आणि मला ते पटत नाही. कोणत्या विधेयकावर त्यांनी काय मत दिले याची यादी करायला बसलो, तर मोजक्याच नोंदी हाती आल्या. बाकीची मते कुठे गेली? माझ्यासारख्या सेवानिवृत्त माणसाला हा मागोवा घरबसल्या कसा घेता येईल?
— एक वाचक, कळवा, ठाणे

उत्तर : बाकीची मते हरवलेली नाहीत, ती नावानिशी नोंदलीच गेली नव्हती. आपल्या संसदेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. अध्यक्ष प्रस्ताव मांडतात, अनुकूल असणारे ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल असणारे ‘नाही’ म्हणतात आणि आवाजाचा कल पाहून अध्यक्ष निर्णय जाहीर करतात. एखाद्या सदस्याने त्या निर्णयाला हरकत घेतली, तर लॉबी रिकाम्या करून प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि तरीही हरकत कायम राहिली, तर मतविभाजन होते. त्या वेळी सदस्य हिरवे, लाल किंवा तटस्थ असल्यास पिवळे बटण दाबतात आणि ‘होय’ व ‘नाही’ म्हणणाऱ्यांची नावे कामकाजाच्या वृत्तांतात छापली जातात. मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर सदस्यांना जागेवर उभे करून नुसती मोजणी करण्याची मुभाही नियमात आहे आणि त्या मोजणीत नावे नोंदवली जात नाहीत. केंद्र सरकारविरुद्धचा अविश्वास प्रस्ताव ऑगस्ट २०२३ मध्ये तीन दिवस चर्चेत होता, पण १० ऑगस्टला तो आवाजी मतदानाने फेटाळला गेला. एवढ्या मोठ्या प्रसंगीही कोणत्याच खासदाराच्या नावापुढे मत नाही. मतदाराच्या दृष्टीने ही आपल्या पद्धतीतली मोठी उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

घटनादुरुस्तीचे तसे नाही. तिथे सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत अशा दोन्ही अटी असल्यामुळे मतविभाजन करावेच लागते. महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. विरोधातल्या दोन मतांपैकी एक तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील यांचे होते. नुसता तक्ता पाहणारा माणूस म्हणेल की या खासदारांना महिलांना आरक्षण नको होते. प्रत्यक्षात ओबीसी आणि मुस्लिम महिलांसाठी त्या आरक्षणात वेगळी तरतूद नाही, हा त्यांच्या पक्षाचा आक्षेप होता. तो आक्षेप आपल्याला मान्य असो वा नसो, मत आणि भाषण शेजारी शेजारी ठेवूनच वाचावे लागते.

त्यातही मत हे बहुधा पक्षाचे असते. १९८५ मध्ये राज्यघटनेत दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा आला, तेव्हापासून पक्षादेश डावलून मत देणाऱ्या किंवा मतदानापासून दूर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. पक्षाने पंधरा दिवसांच्या आत ते कृत्य माफ केले तरच तो वाचतो. त्यामुळे ‘होय’ किंवा ‘नाही’ या एका शब्दावरून त्या माणसाची पारख होत नाही. त्याची स्वतःची मेहनत त्याने विचारलेले प्रश्न, सुचवलेल्या दुरुस्त्या, मांडलेली खासगी विधेयके (मंत्री नसलेला सदस्य स्वतः मांडतो ती) आणि समितीतले काम यांत शोधावी लागते.

आपले जावई बहुधा हजेरीच्या टक्केवारीवर बोट ठेवतील. हजेरी म्हणजे त्या दिवशीच्या नोंदवहीतली सही. त्यानंतर खासदार दहा मिनिटे बसले की रात्री नऊपर्यंत, हे त्या सहीवरून कळत नाही. मंत्री आणि विरोधी पक्षनेते यांना तर सही करावीच लागत नाही, म्हणून त्यांच्या नावापुढचा रिकामा रकाना गैरहजेरी समजू नये. विरोधी सदस्यांच्या बाबतीत निलंबनाचे दिवसही वेगळे काढावे लागतात. डिसेंबर २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात लोकसभेतून १०० आणि राज्यसभेतून ४६ विरोधी सदस्य निलंबित झाले होते आणि आपल्या राज्यातल्या सुप्रिया सुळे व अमोल कोल्हे यांचाही त्यांत समावेश होता. भारतीय न्याय संहितेसह तीन नवे फौजदारी कायदे लोकसभेने २० डिसेंबरला आवाजी मतदानाने संमत केले, ते याच दिवसांत. निलंबन योग्य होते की अयोग्य, यावर घरात खुशाल वाद घालावा. पण बाहेर काढलेल्या माणसाच्या नावावर दांडी लावू नये.

आता प्रश्नांकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त भरवसा त्यांचाच वाटतो. लोकसभेत दररोज २० तारांकित प्रश्न यादीत येतात आणि त्यांची उत्तरे मंत्री तोंडी देतात, त्यांवर पुरवणी प्रश्नही विचारता येतात. त्याशिवाय २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तरे मिळतात. कोणाचा प्रश्न यादीत लागणार हे सोडतीवर ठरते आणि एकाच प्रश्नाखाली अनेकदा चार-पाच सदस्यांची नावे असतात. म्हणून ‘पाच वर्षांत इतके शे प्रश्न’ या आकड्याने फार हुरळूनही जाऊ नये आणि आकडा कमी दिसला म्हणून नाराजही होऊ नये. लोकसभेच्या संकेतस्थळावर खासदाराच्या नावापुढे त्यांचे सगळे प्रश्न उत्तरांसह मिळतात आणि पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या संकेतस्थळावर हजेरी, चर्चा, प्रश्न व खासगी विधेयके यांचे आकडे एकत्र पाहता येतात.

आपल्या दारातलाच विषय घ्या. ऐरोली-कळवा उन्नत रेल्वेमार्गातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, पण पुढचा जोडमार्ग पुनर्वसनापाशी अडून राहिला. समजा, एका खासदाराने विचारले की काम कुठवर आले आहे, आणि दुसऱ्याने विचारले की किती कुटुंबांचे पुनर्वसन बाकी आहे, त्यासाठी किती निधी दिला आणि त्यातला किती खर्च झाला. पहिल्याला ‘काम प्रगतिपथावर आहे’ एवढेच उत्तर मिळेल. दुसऱ्याला मंत्रालयाने ‘(क) ते (घ)’ असे सगळे भाग एकत्र गुंडाळून उत्तर दिले, तर कोणता आकडा टाळला हे आपल्याला बोट ठेवून दाखवता येते. मग त्याच खासदाराने पुढच्या अधिवेशनात नेमका तो आकडा पुन्हा मागितला का, ते पाहावे. मागितला असेल, तर आपल्या वहीत त्या नोंदीखाली जाड रेघ ओढावी. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर आले, तर ते सरकारचे आश्वासन धरले जाते आणि ते तीन महिन्यांत पुरे करणे अपेक्षित असते. तेव्हा त्या नोंदीपुढे तारीख लिहून ठेवावी.

समित्यांच्या बैठका बंद दाराआड होतात, पण त्यांचे अहवाल प्रसिद्ध होतात आणि बैठकांच्या इतिवृत्तांत उपस्थितांची नावे असतात. विरोधी सदस्याने जोडलेले असहमतीचे टिपण तर आवर्जून वाचावे. वक्फ दुरुस्ती विधेयक एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत मध्यरात्रीनंतर २८८ विरुद्ध २३२ मतांनी संमत झाले. त्या २३२ जणांपैकी प्रत्येकाच्या नावावर एकच ‘नाही’ आहे. मात्र संयुक्त समितीत बसलेल्या विरोधी सदस्यांची कारणे अहवालाला जोडलेल्या टिपणांत सविस्तर आहेत. ही पाने चाळायला एक दुपार लागते आणि ती दुपार आपण व जावईबापूंनी एकत्र घालवावी, असे मी मनापासून सुचवतो. तेच निकष मग सत्ताधारी खासदारालाही लावावेत.

प्रश्न : सभात्याग म्हणजे विरोध समजायचा की पळवाट?
— एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : ते विधेयक कोणते आणि सभागृहातले गणित काय, यावर हे अवलंबून आहे. साधे विधेयक हजर राहून मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने संमत होते, त्यामुळे बाहेर पडणारा सदस्य बहुमताचा आकडाच खाली आणतो आणि चुरशीच्या वेळी याचा फायदा सरकारला मिळतो. नागरिकत्व दुरुस्ती विधेयकावर डिसेंबर २०१९ मध्ये शिवसेनेने लोकसभेत बाजूने मत दिले आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. एकाच पक्षाच्या या दोन भूमिका वहीत वेगवेगळ्या लिहाव्या लागतात आणि राज्यसभेतल्या नोंदीपुढे ‘विरोधात’ असे लिहिता येत नाही. घटनादुरुस्तीत मात्र एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताचीही अट असल्यामुळे सरकारला बाकावर आपली माणसे आणून बसवावीच लागतात. पळवाट आहे की नाही हे ठरवताना मी एवढेच पाहतो की बाहेर पडण्यापूर्वी त्या सदस्याने भाषण केले होते का आणि एखादी दुरुस्ती मांडली होती का.

प्रश्न : आमदारांच्या बाबतीतही असा मागोवा घेता येतो का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : येतो, पण मते नावानिशी नोंदवण्याचे प्रसंग आपल्या विधानसभेत फारच थोडे येतात. जुलै २०२२ मधला एक प्रसंग सांगतो. ३ तारखेला अध्यक्षांच्या निवडणुकीत विरोधकांच्या उमेदवाराला १०७ मते पडली आणि दुसऱ्याच दिवशी विश्वासदर्शक ठरावाच्या विरोधात ९९ मते पडली. सरकारच्या बाजूला दोन्ही दिवशी १६४ होती. विरोधी बाजूचे काही आमदार सभागृहात वेळेत पोहोचलेच नव्हते. ठरावाचा निकाल त्यामुळे बदलला नाही, तरी ज्यांनी त्यांना निवडून दिले त्यांना याचे उत्तर मागण्याचा हक्क आहे.

एरवी विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि लक्षवेधी सूचना पाहाव्यात. ‘हे खरे आहे काय’ या प्रत्येक भागापुढे सरकारचे उत्तर छापलेले असते : ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. आपल्या आमदारांच्या प्रश्नाला ‘अंशतः खरे आहे’ असे उत्तर मिळाले असेल, तर त्यातला कोणता अंश सरकारने मान्य केला ते प्रथम वाचावे आणि उरलेल्या अंशाबद्दल त्यांनी पुढे काय केले, ते त्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावे. जाताना प्रश्नाचा क्रमांक लिहून न्यावा.