टॅल्गोच्या चाचण्यांची माहिती: स्मरणपत्रं नकोत, अपील करा

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी टॅल्गो या स्पॅनिश कंपनीच्या रेल्वेगाडीच्या भारतात २०१६ मध्ये झालेल्या चाचण्यांची माहिती मागून ४५ दिवस झाले, उत्तर नाही, म्हणून दुसरं स्मरणपत्र पाठवतोय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून जीव कळवळला. मी नेमकं हेच केलं होतं.

ते पत्र पाठवू नका. माहिती अधिकारात ३० दिवसांत उत्तर आलं नाही की तो नकार धरतात आणि पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करावं लागतं. म्हणजे तुमच्या हातात जेमतेम पंधरवडा आहे. मी चार महिने पत्रं लिहीत राहिलो. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण दर वेळी ‘फाईल पुढे पाठवली आहे’ एवढंच ऐकायला मिळालं. कुठे, ते कोणी सांगेना. खरं तर अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर तो पाच दिवसांत तिकडे पाठवून अर्जदाराला तसं कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. माझी मुदत गेली, प्रकल्पाचं वर्ष गेलं. आजही संताप होतो. (मी वकील नाही, कलमं स्वतः वाचून घ्या.)

दुसरं, अर्जात ‘टॅल्गो का घेतली नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर देत नाहीत, असलेला कागद देतात. बरेली–मुरादाबाद, मथुरा–पलवल आणि दिल्ली–मुंबई या तिन्ही चाचण्यांचे कागद वेगवेगळे मागा. काही भाग व्यापारी गोपनीयतेखाली झाकतील, उरलेला तरी मिळू शकतो.

आणि कृपा करून ‘दिल्ली–मुंबई १२ तासांच्या आत’ या आकड्यावर प्रबंध उभा करू नका. नऊ डब्यांच्या चाचणीगाडीची तुलना प्रवाशांनी भरलेल्या राजधानी एक्स्प्रेसशी करणं मला तरी चुकीचं वाटतं. मथुरा–पलवलला ताशी १८० किमीचा वेग गाठला, पण टॅल्गोचं खरं वैशिष्ट्य वळणावर दिसतं. तिचा डबा वरून टांगल्यासारखा असतो, त्यामुळे वळणावर मोटरशिवाय आपोआप आत झुकतो आणि वेग फारसा कमी करावा लागत नाही. म्हणून वळणागणिक वेगाच्या नोंदी मागा. त्या मार्गावरच्या कायमच्या वेगमर्यादा वर्किंग टाइमटेबलमध्ये (रेल्वे कर्मचाऱ्यांसाठीच्या अंतर्गत वेळापत्रकात) असतात, तेही जोडीला मागा.

अपिलाचा मसुदा नाव-पत्ता काढून इथेच टाका. आज रात्री वाचतो.