वचन निघालं, आता सही करू का?

प्रश्न : मावशी, सलाम. मी श्रीरामपूर तालुक्यातली, वय २८. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून नगरला एका खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. जर्मन भाषेची बी-वन पातळीची परीक्षा पास झाले, त्यावरच्या बी-टूचा क्लास चालू आहे. एक एजंट जर्मनीत नोकरी लावून देतो म्हणतो. साडेतीन लाख मागतोय, मूळ सर्टिफिकेटंही जमा कर म्हणतो. नववर्षाच्या उपासनेत टोपलीतून बायबलच्या वचनाचं एकेक कार्ड उचलतात, त्यात मला वचन निघालं ते अब्राहामाचं, ‘आपला देश सोड.’ त्याच रात्री आईला निघालं रूथचं, ‘मला सोडून जा असं म्हणू नका.’ तेव्हापासून आई ते कार्ड उशाखाली ठेवून झोपते. प्रार्थनासंघातल्या एका काकूंना प्रार्थनेत विमान दिसलं. वडील नाहीत. भाऊ-वहिनी चाकणला. आईला शुगर आहे, दोन वेळा इन्सुलिन लागतं. देवाची इच्छा नेमकी कोणती, हे कसं ओळखू?

उत्तर : बेटा, सलाम.

एकाच घरात, एकाच रात्री, एकाच टोपलीतून एकमेकींविरुद्ध दोन वचनं निघाली, तेव्हाच तुम्ही मायलेकींनी हसून चहा ठेवायला हवा होता. वचनाचं कार्ड वर्षभर जपावं, अडचणीत धीर द्यायला ते उपयोगी पडतं. पण व्हिसाच्या कागदाला जोडायचं ते कागदपत्र नव्हे.

आणि निघालंच आहे तर ओळीपुढेही वाच. बायबलमधल्या उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात अब्राहाम (तेव्हा अब्रामच) निघाला तेव्हा ७५ वर्षांचा होता आणि बायको, पुतण्या, गडीमाणसं असा सगळा बारदाना घेऊन निघाला. त्याच अध्यायात पुढे दुष्काळ पडतो, तो मिसरात जातो आणि जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगतो. देवाने बोलावलं म्हणून वाटेतला दुष्काळ टळला नाही आणि माणसाचं घाबरटपणही गेलं नाही. आईलाही सांग, की रूथ ते शब्द बोलली तेव्हा ती स्वतःच आपला मवाब देश सोडून परमुलखात, बेथलेहेमला चालली होती. तेही सासूसोबत! आईचं कार्ड तुझ्या बाजूनेच बोलतंय. (हे मात्र हळूच सांग, जेवणं झाल्यावर.)

काकूंच्या विमानाबद्दल. बायबलमध्ये त्रोवस गावी प्रेषित पौलाला दर्शनात ‘इकडे या’ म्हणणारा मासेदोनियाचा माणूस दिसला, तो पौलालाच दिसला, शेजारणीला नाही. शिवाय त्याआधी आशियाची वाट बंद झाली होती, बिथुनियाची बंद झाली होती. म्हणजे पौल चालून बघत होता. दर्शनानंतरही ‘आम्ही अनुमान केलं’, असं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक सांगतं. बरोबरच्यांनी मिळून विचार केला. तुझ्या विमानाचं अनुमान करायला कोण बसलं होतं? भाऊ होता का?

आता साडेतीन लाखांवर येते, कारण तुझ्या पत्रात मला खरी काळजी तिथे वाटली. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करा, असं लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात खुद्द प्रभू म्हणतो. तेव्हा हिशेब करणं म्हणजे विश्वास कमी पडणं, हे कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३च्या कायद्याखाली नोंदणी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. मग उरलेले तीन लाख कशाचे, हे लेखी माग. मूळ सर्टिफिकेटं कोणाच्याही हातात देऊ नकोस. मी सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका होते, मुलींच्या मूळ कागदांवर अडून बसलेली माणसं पुष्कळ पाहिली. तिकडे गेल्यावरही तुझ्या शिक्षणाला मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणूनच काम करावं लागेल, पगारही त्या मानाने. एजंटाचे पैसे कर्ज काढून देणार असशील तर हप्ता त्या पगारातून बसतो का ते मांडून बघ.

आईचं दुखणं वेगळं आहे. ‘देवाने सांगितलं’ असं घरातला एक जण म्हणतो, तेव्हा किंमत बहुधा दुसरंच कोणी मोजतं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्या बरोबर नव्हत्या. कितीतरी काळ त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढला, आणि स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, स्वतःला पटल्यावर. टिळकांचा विश्वास खोटा होता असं कोण म्हणेल? पण त्यांच्या निर्णयाचा हिशेब लक्ष्मीबाईंना सोडून होत नाही. तुझ्या आईलाही वेळ लागेल. तिला तुझं वचन समजावून देण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ सुई कोण टोचणार, ते ठरव. तिला स्वतःला टोचायला शिकव. रात्री शुगर एकदम उतरली तर साखर कुठे ठेवलीय आणि फोन कोणाला करायचा, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लाव. वहिनीशी तू स्वतः बोल, भावामार्फत नको. तिच्या वाट्याला काय येणार हे तिला कोणी विचारलेलंच नसतं.

एक युक्ती मी कॅथलिकांकडून उचलली आहे, आमच्या पाळकसाहेबांनी रागावू नये. संत इग्नाशियस सांगतात, अगदी अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला तर त्याला काय सल्ला द्याल, तो स्वतः पाळा. आणि मन खचलेलं असताना आधीचा निर्णय फिरवू नका. तुझ्या बाबतीत याचा अर्थ, नाइट ड्युटीवरून आल्या आल्या काही ठरवायचं नाही. झोप काढ, मग प्रार्थनेला बस.

तू मत विचारलंस म्हणून सांगते. जर्मनीला जा. पत्रभर तू जाण्याचीच तयारी लिहिली आहेस, आणि चांगल्या कामाची ओढ असणं हे पाप नाही. पण या एजंटाच्या हातून नको. आधी बी-टू काढ. तोवर आईचं इन्सुलिन मार्गी लागेल, भाऊही जरा गंभीरपणे बोलायला लागेल. एजंटाने नोंदणी क्रमांक दिला तर मला कळव. दिला नाही, तरी कळव.